एक ओ कमी

लेखिकेच्या कादंबरीतला नायक कितीतरी दिवस जिन्यात नुसताच उभा होता. नायिकेला काय म्हणावं ते त्याला सुचत नव्हतं आणि लेखिकेलाही. तिने आजवर ढीगभर प्रेमकथा लिहिल्या होत्या, पण तिला स्वतःला कुणी कधी जिन्यात गाठलं नव्हतं. प्रकाशक रोज फोनवर विचारायचे, "काय, बोलला का तो?"

त्या दुपारी मेसेज आला तो मात्र कोपऱ्यावरच्या शिंप्याचा. हे शिंपी विधुर आणि अबोल. सगळे त्यांना मास्तर म्हणत. गिऱ्हाइकाशी इंग्रजीत लिहिलं की शिस्त राहते, असं त्यांचं मत होतं. लेखिकेचं निळं जॅकेट त्यांच्याकडे पडलं होतं. पण मेसेजचा अर्थ होता : 'मी तुम्हाला आणखी गमावू शकत नाही. आत काहीच उरलेलं नाही.'

लेखिकेने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि फोन धाकट्या बहिणीपुढे धरला.

"ताई, जॅकेटबद्दल असं कुणी लिहितं का?" बहीण म्हणाली.

"पण ते तर माझ्याकडे नीट बघतही नाहीत."

"तेच तर. आत साठलं असणार."

लेखिका खिडकीशी जाऊन बसली. समोरच्या भिंतीवर ऊन सावकाश उतरत होतं. तिला मास्तरांच्या बोटांवरची खडूची पूड आठवली, ओठांत टाचण्या धरून ते 'हं' म्हणायचे ते आठवलं. मग जिन्यातला नायक बोलायला लागला आणि थांबेचना. ऊन मावळायच्या आत प्रकरण प्रकाशकांकडे पोचलंसुद्धा.

"बाई, मी टेबलावर डोकं ठेवून रडलो हो," त्यांचा फोन आला.

लेखिकेने केस विंचरले, मोडले, परत विंचरले. बहिणीने तिला जवळजवळ ढकलतच दुकानापर्यंत नेलं आणि स्वतः बाहेर थांबली.

"तुमचा मेसेज मिळाला," लेखिका हळूच म्हणाली. "मला थोडा वेळ द्या."

"वेळ देऊन उपयोग नाही." मास्तरांनी जॅकेट उलटं करून शिवण दाखवली. "मागेच उसवून लूज केलंय. आता आत कापडच उरलं नाही. आणखी लूज करून देता येणार नाही तुम्हाला."

लेखिकेचे कान तापले. तिने जायला पाऊल उचललं.

"काही चुकलं का?"

"ढिल्या लूजला दोन ओ लागतात," ती बटणांच्या डब्याकडे बघत म्हणाली. "तुम्ही एकच घातलात."

"एक घातला तर काय होतं?"

तिने सांगितलं. मास्तरांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. 

"म्हणजे दुपारपासून तुम्ही तसं समजत होतात?"

"हो."

"आणि तरी आलात."

यावर पुष्कळ प्रेमकथा लिहिणाऱ्या बाई डब्यातली बटणं मोजू लागल्या. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली.

"नवीनच शिवावं लागेल. माप घेतो."

त्यांनी खांद्याचं माप घेतलं, लिहायला वळले आणि तसेच परत आले.

"आकडा विसरलो. पुन्हा घ्यावं लागेल."

"घ्या," लेखिका म्हणाली.

रस्त्यावरचे दिवे लागले. बहिणीने काचेतून एकदा आत डोकावून पाहिलं. खांद्याचंच माप चाललं होतं. ती एकटीच घरी निघून गेली.