आमिषाशिवाय

"कुठलं आमिष लावलं होतंस?" मोबाईलवरचा फोटो दोन बोटांनी मोठा करत दीनानाथ कर्णिकांनी विचारलं.

"आमिष लागतच नाही, काका," रुचिर म्हणाला, आणि इथेच सगळं बिघडलं.

फोटो सहा वर्षांपूर्वीचा, मिसूरीतला. रुचिर तिथे पीएचडी करत होता. नदीकाठी, गुडघाभर चिखलात, थंडीने निळा पडलेला रुचिर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही हातांत त्याच्या छातीपर्यंत येणारा, वल्ह्यासारखं लांब नाक असलेला एक मासा आहे. पॅडलफिश त्याचं नाव. सध्या रुचिर सिंगापूरच्या एका विद्यापीठात पोस्टडॉक होता, हौगांगमध्ये एका खोलीत भाड्याने राहत होता आणि दोन वर्षांपासून दीनानाथरावांच्या मुलीशी, गार्गीशी, लग्न करायचं म्हणत होता. फोटो गार्गीनेच मुद्दाम वडिलांपुढे धरला होता.

त्याला कारण होतं. दीनानाथराव मूळचे अलिबागकडचे, बावीस वर्षं सिंगापुरात, एका आयटी कंपनीत मॅनेजर. जात, पत्रिका, पगार यांतलं काहीही ते विचारत नसत. त्यांची अट एकच होती. मुलाने एक रविवार त्यांच्याबरोबर बेडोक जेट्टीवर मासे धरायला यायचं. "चार तास हातात गळ द्या, माणसाचे सगळे ग्रह बाहेर येतात," असं ते म्हणत. आजवर दोन मुलं जेट्टीवरून परत गेली होती. एकाने चार तासांत अकरा फोन घेतले. दुसरा बाथरूम शोधायला म्हणून गेला तो टॅक्सीने घरीच पोचला.

"बाबांशी मी कशावरही भांडेन," गार्गीने तिच्या सिंगापुरी ढंगात रुचिरला आधीच सांगून ठेवलं होतं. "बट नॉट फिश, लाह. तिथे तू पास व्हायलाच हवंस. त्यांच्या मनाविरुद्ध मी लग्न नाही करणार."

दीनानाथरावांचा अधिकारही तसाच होता. दर रविवारी अकराच्या सुमाराला ते जेट्टीवरून जिताडा घेऊन घरी येत. सिंगापुरातल्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घराने त्या जिताड्याचं कालवण एकदा तरी खाल्लं होतं आणि तो कसा धरला ते निदान तीनदा ऐकलं होतं.

"आमिष नाही म्हणजे?" दीनानाथरावांनी चष्मा काढला.

"तो मासा गळाला तोंडच लावत नाही. जबडा उघडा टाकून पोहतो आणि पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. म्हणून तिकडे वसंत ऋतूत, ठरलेल्या दिवसांत, परवाना काढून, तीन आकड्यांचा मोठा गळ पाण्यात टाकतात आणि हिसका मारतात. लागला तर लागला."

"नुसत्या हिसक्यावर?"

"हो. माझा शेपटीत अडकला होता."

"कितव्या हिसक्याला?"

खरं म्हणजे त्या दिवशी रुचिरने चारशेच्या आसपास हिसके मारले होते आणि पुढचा आठवडाभर त्याला शर्टही घालता येत नव्हता. त्यानंतर त्याने गळाला हात लावलेला नव्हता. पण टेबलाखालून गार्गीची लाथ बसली.

"मोजले नाहीत, काका," तो म्हणाला. दीनानाथरावांना तो विनय वाटला.

संध्याकाळपर्यंत त्यांनी जेट्टीवरच्या सगळ्या मंडळींना कळवलं, की उद्या एक मुलगा येतोय, तो आमिषाशिवाय मासा धरतो.

रविवारी सकाळी आठला रुचिर पोचला तेव्हा कठड्याजवळ माणसं वाट बघत होती. बस चालवून निवृत्त झालेले अंकल टॅन होते. तीस वर्षं त्याच जागी बसणारे मलाय गृहस्थ पाक हाशिम होते. एरवी एकमेकांपासून दहा हात लांब बसणारी ही माणसं आज एकत्र उभी होती.

"नो बेट?" अंकल टॅननी रुचिरला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रिअली आह?"

"काका, आज आपण कोळंबीच लावू या का?" रुचिरने हळूच विचारलं.

"कोळंबी आम्ही रोज लावतो. आज तू तुझं दाखव." दीनानाथरावांनी आपला थर्माकोलचा डबा मागे सरकवला आणि खिशातून तीन आकड्यांचा भलामोठा गळ आणि पेरूएवढं शिसं काढलं. दोन्ही त्यांनी काल संध्याकाळी जाऊन आणलं होतं. गार्गीने रुचिरकडे बघून शुभेच्छेचा अंगठा उंचावला आणि ती सगळ्यांसाठी कॉफी आणायला निघून गेली. अशी परीक्षा बघत उभं राहणं तिला जमत नसे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे रुचिरला पहिल्या हिसक्यालाच कळलं. मिसूरीच्या नदीत त्याच्या आजूबाजूला सगळे तेच करत होते. इथे त्याच्या डाव्या-उजव्या हाताला नऊ माणसांच्या दोऱ्या पाण्यात निवांत पडल्या होत्या. चौथ्या हिसक्याला पाक हाशिमची दोरी आली. पाचव्याला अंकल टॅनची आली आणि येताना दीनानाथरावांच्या दोन घेऊन आली. सातव्या हिसक्यानंतर कठड्यावर जो गुंता तयार झाला त्याचं टोक कोणाचं हे ठरवायला पाच माणसांना खाली मांडी घालून बसावं लागलं.

"नेव्हर माइंड, लाह," अंकल टॅन म्हणाले. त्यांना किती राग आला आहे हे कोणालाही ऐकू येत होतं.

"टेक्निक आहे," दीनानाथराव सगळ्यांना इंग्रजीत समजावत होते. "अमेरिकेत नद्या मोठ्या असतात."

अकराव्या हिसक्याला रॉड वाकला आणि तसाच राहिला.

"लागला," दीनानाथराव घोगऱ्या आवाजात म्हणाले.

सकाळी फिरायला आलेले लोक थांबले. कोणीतरी मोबाईल काढला. रुचिरने खेचलं, सोडलं, पुन्हा खेचलं. पलीकडून काहीही हालचाल होत नव्हती.

"काका, हे हलत नाहीये. तळाशी दगडात अडकलं असावं."

"मोठा मासा असाच बसून राहतो. दम धर."

अर्धा तास दम धरून झाला. गार्गीचा विचार त्याच्या मनात आला, जेट्टीवरून परत गेलेली ती दोन मुलं आठवली, आणि काय व्हायचं ते एकदा होऊन जाऊ दे म्हणून त्याने दोन्ही पाय रोवले आणि चारशे हिसक्यांचं बळ एकाच हिसक्यात लावलं.

तळाशी जे काही होतं त्याने गळ सोडला. पेरूएवढं शिसं आणि तीन आकडे पाण्यातून वर आले ते थेट जेट्टीकडे.

"डाऊन," पाक हाशिम ओरडले. सगळे जेट्टीवर पालथे झाले.

शिसं रुचिरच्या कानावरून गेलं. मागे ठक्क असा आवाज झाला आणि दोरी पुन्हा ताणली. रुचिरला मासेमारीतलं एकच ठाऊक होतं, की दोरी ताणली की हिसका मारायचा. तो गर्रकन वळला आणि त्याने हिसका मारला.

गळ दीनानाथरावांच्या थर्माकोलच्या डब्यात शिरला होता. झाकण फुटलं, बर्फ उडाला, फाटकी गुलाबी पिशवी एका बाजूला पडली आणि दोन किलोचा जिताडा हवेतून येऊन रुचिरच्या पायाशी आपटला. आकडा बरोबर कल्ल्यात होता.

लोकांनी डोकी वर काढली तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच, की मुलाच्या गळाला मासा आहे.

"वाह," अंकल टॅन म्हणाले. टाळ्या वाजल्या.

रुचिर खाली वाकला. जिताड्याच्या अंगावर एकही खवला नव्हता. पोट स्वच्छ धुतलेलं, रिकामं होतं. दोन्ही बाजूंना तीन-तीन सुबक काप मारलेले होते. त्याने मान वर करून दीनानाथरावांकडे पाहिलं. शंभर माणसांच्या टीमला धाकात ठेवणारा तो माणूस पांढराफटक पडला होता. रुचिरला त्यांची मनापासून दया आली.

"काका, टॉवेल द्या," तो मोठ्याने म्हणाला. "पोटाला फार लागलंय त्याच्या."

दीनानाथरावांनी मासा क्षणात टॉवेलमध्ये गुंडाळला. "डोंट लुक," त्यांनी अंकल टॅनना सांगितलं. "व्हेरी बॅड."

घरी जाताना गार्गी नारळ आणि कोथिंबीर घ्यायला मध्येच उतरली. टॅक्सीत दोघंच उरले. टॉवेल दीनानाथरावांच्या मांडीवर होता.

"कधीपासून, काका?"

"सोळा वर्षं." ते खिडकीबाहेर बघत होते. "पहिला खरा होता, शपथेवर सांगतो. गार्गीची आई इतकी खूश झाली, सगळ्यांना फोन केले तिने. पुढच्या रविवारी रिकाम्या हाताने कसा जाऊ? मग जेट्टीवर येण्याआधी बाजारात जायला लागलो. साफ जेट्टीवरच करतो, असं घरी सांगतो." त्यांनी रुचिरकडे वळून विचारलं, "ही गोष्ट घरातच राहील ना?"

"राहील ना, काका. पण मी अजून घरातला नाहीये."

दोन सिग्नल गेले.

"डिसेंबरात मुहूर्त असतील," दीनानाथराव म्हणाले.

दार उघडल्या उघडल्या त्यांनी बायकोला दोन्ही बातम्या दिल्या. मुलगा पसंत आहे, आणि जिताडा आज त्याने धरला, आमिषाशिवाय, एका हिसक्यात. दमयंतीबाईंनी "अगंबाई" म्हटलं, टॉवेल हातात घेतला आणि रुचिरला परात काढून द्यायला स्वयंपाकघरात बोलावलं. बाहेर दीनानाथराव अलिबागला भावाला फोन लावत होते.

दमयंतीबाईंनी मासा नळाखाली धरला. "तू धरलास?"

"हो, काकू," रुचिर म्हणाला. तसं पाहिलं तर ते खरं होतं.

"काप छान पडलेत हो."

रुचिरच्या हातातली परात ओट्यावर आदळली. "काकू, मी... म्हणजे काका..."

"हळू बोल, त्यांना ऐकू जाईल." त्यांनी माशाला हळद-मीठ लावायला घेतलं. "काप मीच मारून ठेवायला सांगते, सकाळी तेवढंच काम वाचतं. दर शनिवारी बाजारातल्या मासेवाल्या आँटीला फोन करते, की उद्या आमचे हे येतील, त्यांना ताजा दे. त्यांना मासा कुठला कळतो? सुरुवातीला दोनदा शिळा घेऊन आले होते."

"आणि त्यांना हे माहीत नाही?"

"कशाला सांगायचं? आठवडाभर ऑफिसात वैतागलेले असतात. रविवारी दारात उभे राहतात ना मासा घेऊन, तेव्हा काय आनंद असतो त्यांच्या चेहऱ्यावर. मला तो बघायचा असतो." त्यांनी हात धुतले, फ्रिजवरचा मोबाईल उचलला आणि चष्मा शोधला. "पण आता मी थकले. त्या आँटीचा नंबर लिहून घे. पुढच्या शनिवारपासून फोन तू करायचास."