हॅदरबी प्रांती विद्यावृद्धी मोजिली त्याची हकीकत

विद्येचे दैवत साक्ष ठेवोन लिहितो ऐसे जे, उत्तर इंग्लंडात हॅदरबी नामे विद्यापीठ, बहुत पुरातन, छपरे गळकी परंतु अब्रू शाबूत. तेथील तख्ती कुलगुरू राजमान्य सर ॲलिस्टर पेंडलबरी विराजमान असता राजधानीहून सरकारचा खलिता आला की, पोरे तीन साले तुम्हांपाशी राहतात, ती किती शिकतात हे मोजोन कळवावे, हयगय जाहलिया खैर नाही. खलिता प्राध्यापकांचे भर दरबारी वाचिला. पोरे शिकतात हा पूर्वापार समज होता, परंतु मोजोन पाहण्याचा दस्तूर कोणी ऐकिला नव्हता. मग कुलगुरूंनी मसलत करोन संख्याशास्त्राच्या डॉक्टर हिल्डा ब्रॅथवेट यांसी मोजणीची सरदारी दिधली, आणि ताकीद फर्माविली की वृद्धी न दिसे तर सरदारी जप्त, आणि दर सोमवारी भल्या सकाळी नवशिक्यांस अपूर्णांक शिकवणे नशिबी येईल. ते ऐकोन बाईंचा चहा हातीच निवाला.

बाई स्वभावे सरळ, आकड्यांवर जीव, खोट्याचा तिटकारा. त्यांनी एक प्रश्नपत्रिका सिद्ध केली आणि मनसुबा ठरविला की पहिल्या व तिसऱ्या सालच्या पोरांस तीच द्यावी, आणि अंतर पडेल ती विद्या समजावी. पहिल्या सालची फौज नवी, भेदरलेली. परीक्षा म्हणताच पेने परजोन हजर जाहली आणि पुरवण्या मागमागोन लढली. तिसऱ्या सालचे जुने लढवय्ये मात्र बोलावणी धाडिली तरी फिरकेनात. मग बाईंनी पिझ्झ्याचा सरंजाम मांडिला. वास सुटताच पलटणी लोटल्या, पिझ्झा फस्त केला, हाताला लागेल त्या चौकटीत खुणा ठोकिल्या आणि पबाकडे कूच केले.

निकाल लागला तो विपरीत. तिसरे साल पहिल्याहून खाली! बाईंनी फिरोन बेरजा केल्या, गणकयंत्र बदलोन पाहिले, शेवटी चष्माही पुसला. आकडा हटेना. पोरे येथे येवोन शिकलेले विसरतात की काय, आणि आपण इतकी साले फळ्यापुढे उभ्या राहिलो ते कशासाठी, ऐसे मनी येवोन डोळे भरले.

मग कँटीनमध्ये टॅमझिन नामे तिसऱ्या सालची शिष्या चिप्स खात सापडली, तिजला बाईंनी गाठिले.

“अगं, पहिल्या वर्षाच्या मुलांनी केवढं छान लिहिलं! तुम्हाला काय झालं?”

“अहो हिल्डा, त्यांना कुठे माहीत आहे याचे मार्क धरत नाहीत म्हणून! आम्हाला कळतं. एवढं तरी शिकलोच की!” ऐसे म्हणोन तिने चिप्सचा पुडा बाईंपुढे केला.

बाईंचे डोकीत उजेड पडला. तैशाच त्या भर दरबारी गेल्या. कुलगुरू निकाल पाहोन लाल जाहले आणि गरजले की इतकी सोपी प्रश्नपत्रिका पोरांस सुटत नाही, ही बाईंची कसूर. बाई बोलल्या, “सर, सोपी आहे ना? मग तुम्ही सगळे एकदा सोडवून बघा.”

मागे हटणे कुळास बट्टा, सबब सारे मातबर प्राध्यापक परीक्षेस बैसले. तत्त्वज्ञानाचे क्रॅबट्री साहेब ‘खालीलपैकी योग्य’ यांतील ‘योग्य’ शब्दाशीच झुंजत राहिले आणि घंटा जाहली. इतिहासाच्या बाईंनी प्रश्नांतील चुका लाल शाईने सुधारिल्या, उत्तर एकही दिले नाही. कुलगुरूंनी झोकात सही ठोकिली, तोच फोन आला आणि ते निघोन गेले. मोजणी होता दरबार पोरांच्याही खाली उतरला, आणि कुलगुरूंचे नावे शून्य निघाले.

मग कुलगुरू उठले आणि हुकूम फर्माविला की, येथे जो जितका अधिक राहतो त्यास तितके कमी गुण पडतात, हे सिद्ध जाहले. सबब विद्या वाढता गुण उतरतात हाच कायदा, आणि आजपासोन मोजपट्टी उलटी धरावी.

हिल्डाबाई कळवळोन म्हणाल्या, “अहो सर, मग कोरा कागद देणारा सगळ्यात मोठा विद्वान ठरेल!”

“ठरेल काय? ठरला,” कुलगुरू टाय सारखा करीत म्हणाले. “चांगला फोटो काढून घ्या माझा.”

येणेप्रमाणे उलटी मोजपट्टी राजधानीस रवाना जाहली, सरकार संतोष पावोन शाबासकीचा खलिता आला, बाईंची सरदारी कायम राहिली आणि त्यांस हसावे की रडावे हे अखेरपावेतो उमगले नाही. हॅदरबीची विद्या वजा निघोन सवाई ठरली, कुलगुरू सर ॲलिस्टर पेंडलबरी सर्व विद्यापीठांत पहिले आले, आणि मोहीम फत्ते जाहली, हे दफ्तरी नमूद केले असे.