काळी चार, पांढरी दोन

गाणं शिकायला फार डोकं लागत नाही, असं माझं मत आहे. आवाज लागतो, आणि तो माझ्याकडे होता. राहिलं काय, तर सा कुठे लावायचा आणि श्वास कुठे घ्यायचा. एवढं तर कुणीही शनिवार-रविवारात उरकेल. म्हणून पंच्याऐंशी साली मुलुंडच्या एका शाळेत भरणाऱ्या शिवदास सरांच्या सुगम संगीत वर्गात मी नाव घातलं. घरी आणि बिल्डिंगमध्ये सांगितलं, कारखान्यात ओव्हरटाइम आहे. वर्षअखेरीच्या कार्यक्रमात एकदम गाऊन सगळ्यांना गार करायचं, असा बेत होता.

वर्गात पाहतो तर सगळ्या बायका. पुरुष मी एकटा.

"चंद्रप्रकाश, बिचकू नका," सर म्हणाले. "समूहात सगळं खपतं."

मी कशाला बिचकतोय? त्यातून माझ्या शेजारी मालन तावडे बसायला लागली, आणि माझा गाण्याबद्दलचा आदर एकदम वाढला. मालन सावळी, तरतरीत, आणि आवाज असा की ती गायला लागली की मी गायचं विसरून जायचो. ती म्हणायची, तुम्ही विसरता तेव्हाच आपला वर्ग बरा गातो. हे ती गमतीने म्हणते, असं मी धरून चाललो होतो.

पुढे व्हायचं ते झालं. मालनला मी पसंत, मला मालन पसंत. अडचण एकच, तिचे वडील. सहदेव तावडे मूळचे मालवणकडचे. कापडाची गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी मुलुंडला पिठाची गिरणी टाकली, म्हणजे या गिरणीतून त्या गिरणीत. प्रेमविवाह या शब्दाचं त्यांना वावडं. प्रेम म्हणजे चार दिवसांचा ताप, उतरला की माणूस शुद्धीवर येतो, असं ते म्हणायचे. मग आम्ही शक्कल काढली. माझ्या रत्नप्रभामावशीने रीतसर स्थळ घेऊन जायचं. आम्ही दोघांनी एकमेकांना जन्मात पाहिलेलं नाही, असा चेहरा करायचा. सगळं झकास चाललं होतं. सहदेवराव मावशीला म्हणाले, "चौकशी करून कळवतंय."

आता जरा शिकवणी घेतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पेटीच्या ज्या पट्टीवर आपला सा बसतो, ती आपली पट्टी. काही काळ्या, काही पांढऱ्या, आणि प्रत्येकीला नंबर. बायकांचे गळे उंच, त्यामुळे आमचा अख्खा वर्ग काळी चारमध्ये गायचा. माझी मात्र पांढरी दोन. काळी चार लावली की माझे डोळे बाहेर येतात.

आमच्या बिल्डिंगमध्ये फोन एकच, तळमजल्यावर भाऊरावांकडे. एका संध्याकाळी त्यांनी खालून हाक मारली, "चंदू, फोन!" गेलो. भाऊरावांकडे कुणी पाहुणा चहा पीत बसला होता. मी लक्ष दिलं नाही. फोनवर शिवदास सर. कार्यक्रम तोंडावर आलेला, तबलजी काळी चारचा एकच तबला आणणार, तेव्हा एकट्याने गाणाऱ्यांनीही त्याच पट्टीत गावं, असं त्यांचं म्हणणं. लाइन इतकी खराब की ओरडल्याशिवाय इलाज नव्हता. बिल्डिंगमध्ये वर्गाची गोष्ट फुटू नये म्हणून मी 'सर' आणि 'गाणं' हे दोन शब्द कटाक्षाने टाळले. हुशारी नडते ती अशी.

"काळी नको," मी ओरडलो. "मी आधीच सांगून ठेवतो, काळी मला झेपणार नाही!"

पलीकडून सर काहीतरी समजावत होते.

"बाकीच्यांचं मला सांगू नका. मागे एकदा तुम्ही माझ्या गळ्यात मारलीत, दोन दिवस घसा धरून बसलो होतो. मला पांढरीच पाहिजे. दोन. हो, पांढरी दोन."

पुन्हा खरखर.

"काळी चार? अहो, मरेन मी! काळी तुम्ही बायकांच्यात खपवा. माझी पांढरीची सवय आहे, ती आता सुटायची नाही."

फोन ठेवला. पाहुण्याने कप तसाच अर्धा ठेवला होता आणि तो माझ्याकडे टक लावून पाहत होता. मी नम्रपणे हसलो आणि वर गेलो.

पाहुणे म्हणजे सहदेवराव, हे मला शनिवारी वर्गात मालनकडून कळलं. मी गेल्यावर त्यांनी भाऊरावांना विचारलं होतं, मुलगा वागायला कसा? भाऊराव सरळ माणूस. म्हणाले, "पोरगा चांगला आहे, पण शनिवार-रविवार घरी नसतो. ओव्हरटाइम म्हणतो. येतो तेव्हा घसा बसलेला आणि चेहरा खुशीत."

"बाबा म्हणतात, पोरगा बायका ठेवतो. त्याही रंग बघून," मालन म्हणाली, आणि तोंडावर पदर धरून हसत सुटली. मीही हसलो. हसता हसता तिचे डोळे भरले, ते मात्र हसण्याचे नव्हते.

"बायकांचं एक वेळ निभावलं असतं," ती म्हणाली. "पण 'काळी नको' म्हणालात ना, ते त्यांना लागलं. माझ्या रंगावरून दोन स्थळं परत गेलीत. आता दाराशी उभं नाही करणार ते तुम्हाला."

माझं हसू जागच्या जागी थांबलं. त्या क्षणी मला काळी चार, पांढरी दोन, अख्खी पेटी उचलून खाडीत टाकावीशी वाटली.

"तू सांग ना त्यांना, पट्टी म्हणजे काय ते."

"आणि तुम्ही गाता कुठे, हे विचारलं तर? माझ्या शेजारी बसून, असं सांगू? मग तर वाटच लागली."

पण मी हार मानणारा नाही. रविवारी डब्यात गहू भरून थेट सहदेवरावांच्या गिरणीत गेलो. वर्गाचं नाव न काढता त्यांना पटवायचं, असं ठरवलं होतं. गिरणी धडधडत होती, ओळीने गिऱ्हाइकं उभी होती, आणि मला पाहताच सहदेवरावांच्या पिठाने माखलेल्या भुवया वर गेल्या.

"काका, गैरसमज झालाय. त्या बायका नाहीत."

"काय?"

"त्या काळ्या-पांढऱ्या! बायका नाहीत त्या! पेटीतल्या आहेत!"

नेमका तेवढ्यात डबा बदलायला त्यांनी गिरणी बंद केली, आणि शेवटचं वाक्य सगळ्या रांगेने ऐकलं. सहदेवराव दोन पावलं मागे सरले.

"पेटयेत घालून ठेवलंस?"

रांगेतल्या एका बाईने आपल्या मुलीला जवळ ओढून घेतलं. मी गहू तिथेच टाकून बाहेर पडलो. त्या दिवशी संध्याकाळी मावशीकडे निरोप आला, स्थळ नको.

मावशी माझ्याशी बोलेना. मालन वर्गाला यायची, पण दुसऱ्या टोकाला बसायची. तिच्याशिवाय माझा सा सापडेना. मग मी शेवटचा डाव टाकायचं ठरवलं. कार्यक्रमाला मालनचं गाणं ऐकायला सहदेवराव येणारच. तिथे, सगळ्यांसमोर, काय ते होऊन जाऊ दे. मालनला विचारलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, "गा तुम्ही. माझंही लपवून लपवून डोकं दुखायला लागलंय."

कार्यक्रमाला शाळेचा हॉल भरला होता. पहिल्या रांगेत सहदेवराव. मागे आई, मावशी आणि भाऊराव, ज्यांना मी ओव्हरटाइमचं खरं सांगून आणलं होतं. मालन गायली. काय गायली! सहदेवरावांची मान नुसती डोलत होती. मग सरांनी माझं नाव पुकारलं, आणि ती मान जागीच ताठ झाली.

मी माइकसमोर बसलो. "रसिकहो," मी म्हणालो, "माझी पट्टी पांढरी दोन. पण आज काळी चारच्या मानासाठी मी काळी चारमध्ये गाणार आहे."

सहदेवराव उठून उभेच राहिले. सरांनी पेटीवर बोट ठेवलं. काळी पट्टी दबली, सूर निघाला. सहदेवरावांनी त्या बोटाकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मालनकडे. ती मान खाली घालून बसली होती. सगळं त्यांना एकदम कळलं, हे मला वरून स्वच्छ दिसलं. ते हळूहळू खाली बसले.

मी गायला लागलो. जीव ओतला. अंतऱ्याला आवाज वर चढवला, आणि तो वरच कुठेतरी अडकला. तबलजीने मान फिरवली. मागच्या रांगेत एक लहान मूल रडायला लागलं, त्याच्या आईने त्याला बाहेर नेलं, आणि तिच्या निमित्ताने आणखी बरेच लोक बाहेर गेले. मी मात्र शेवटच्या ओळीपर्यंत एक शब्द सोडला नाही.

नंतर शाळेच्या व्हरांड्यात सहदेवरावांनी आम्हाला दोघांना गाठलं. आई, मावशी, भाऊराव सगळे जमले. सहदेवरावांनी मला सोडून मालनलाच विचारलं.

"म्हणजे ओळख आधीची. हेच्या बाजूक तू कधीपासून बसतंस?"

"पावसाळ्यापासून, बाबा."

"आणि ह्यो असोच गाता?"

मालनने एकदा माझ्याकडे पाहिलं. "आज हे जरा बरं गायले," ती म्हणाली.

सहदेवराव माझ्या आईकडे वळून म्हणाले, "ताईनू, ह्या प्रेमाबिमावर माझो कधी विश्वास नव्हतो. पण ह्यां सगळां आयकान पण जी पावसाळ्यापासना बाजूसून उठली नाय, तिका आता मी काय अडवतलंय? तुमी तारीख काढा."

आई पदराने डोळे पुसत होती, भाऊराव हसू दाबत होते. बिल्डिंगमध्ये अजून म्हणतात, सासऱ्याने त्या दिवशी चंदूची चारचौघांत लाज काढली. मला तर ती दाद वाटली. माझ्या गाण्याला तेवढी एकच मिळाली आहे.