शंभर नंबरचं तेल

तेलमास्तरांचं म्हणणं असं, की जगातल्या एकाही तेलाने त्यांना आजवर फसवलेलं नाही! आणि का फसवेल? एकतीस वर्षं कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढलेली. काचेच्या नळीतून तेल किती सेकंदांत उतरतं ते बघायचं आणि त्याचा दाटपणा सांगायचा, हेच काम. निवृत्त झाल्यावरही खोकल्याच्या औषधाची बाटली तिरकी करून ते आकडा सांगायचे. कुणी विचारलेलं नसायचं, ती गोष्ट वेगळी.

असा हा माणूस पाच महिने घरात एकटा होता. बायको, म्हणजे शाळेतल्या गणिताच्या बाई, "दोनच महिने हं!" म्हणून मुलीच्या बाळंतपणाला गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. रोज फोन यायचा.

"कसे आहात?"

"मजेत!"

असं ठणकावून सांगायचं, फोन ठेवायचा आणि सवयीने काढलेल्या दोन कपांपैकी एक परत ठेवायचा. 'ये आता, करमत नाही' एवढं वाक्य काही तोंडातून फुटत नव्हतं.

त्यात दाराने दगा दिला. बाहेरच्या दारावर एक जुनं परदेशी यंत्र होतं. उघडलेलं दार ते आपणहून, सावकाश बंद करायचं. बाई शाळेला निघाल्या, की दार लागेपर्यंत जिन्याच्या वळणापर्यंत त्यांची पाठ दिसायची. मास्तरांनी वर्षानुवर्षं ती पाठ बघितली होती. आता आतलं तेल जुनं होऊन चिकटलं आणि दार अर्ध्यावरच अडायला लागलं.

"दहा मिनिटांचं काम!" मास्तर भिंतीला म्हणाले.

यंत्राच्या पुस्तिकेत तेलाचा दाटपणा दिला होता: ०.१५ चौरस इंच दर सेकंदाला. मास्तरांचा जन्म गेला चौरस मिलिमीटरमध्ये, आणि तेलाच्या डब्यावरचा नंबरही त्यातलाच. पण घाबरतो कोण? एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, शेंबडं पोरही सांगेल! केला गुणाकार. आलं ३.८१. म्हणजे चार नंबरचं तेल.

"मास्तर, दाराला हे?" दुकानदार म्हणाला. "पाण्यासारखं पातळ आहे हो."

"मला तेल शिकवू नका!"

तेल भरलं, दार उघडून सोडलं मात्र... धाडकन! भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं. समोरच्या वहिनी धावत बाहेर आल्या आणि मास्तरांचा लाल चेहरा बघून धावत आत गेल्या.

चूक कबूल करतील तर ते मास्तर कसले! दूध आणायला जाताना धाडकन, कचरा टाकायला जाताना धाडकन. चौथ्या दिवशी भाजी घेऊन आत येतात तोच फोन.

"कसे आहात?"

"मजे..." धाडकन!

"कोण गेलं?"

"कुणी नाही. वारा."

वारा! समोरच्या वहिनींनी बाईंना आधीच कळवलं होतं, "काकांचं रोज कुणाशी तरी वाजतंय. ते माणूस दिवसातून चारदा दार आपटून निघून जातं, आणि पुन्हा येतं!"

फोननंतर तिसऱ्या दिवशी बाई दारात हजर! हातात एकच पिशवी. आल्या आल्या चारही खोल्या बघितल्या, पलंगाखालीसुद्धा वाकल्या. मास्तरांना मनातून इतका आनंद झाला होता! पण म्हणाले एवढंच, "चहा घेतेस?"

बाईंचं लक्ष टेबलावरच्या, तेलाचा हिशेब मांडलेल्या कागदाकडे गेलं. पाच मिनिटांत लाल पेन बाहेर!

"अहो, चौरस इंच आहे ना? मग २५.४ ने दोनदा गुणायचं. एकदा लांबीचं, एकदा रुंदीचं. सहावीतली मुलं करतात ही चूक! ९६.७७ येतं. जा, शंभर नंबरचं तेल आणा. दार नीट झालं, की मी परवा जाते."

परवा! मास्तर मुकाट्याने गेले. तेल घेतलं, शर्टाखाली लपवलं आणि घरात येऊन डबा गुपचूप पिठाच्या डब्यामागे सरकवला.

"दुकान बंद होतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही बंद होतं. तिसऱ्या दिवशी दुकानदार आजारी पडला. दहा दिवस दार धडाधड आपटत होतं आणि टेबलावर दोन कप होते. मास्तरांना तो आवाजही गोड लागायला लागला.

पण मग मुलीचा फोन आला. "बाबा, आई कधी येते? माझे फार हाल होताहेत हो." मास्तरांचं मन खाऊ लागलं. आपल्याला करमत नाही म्हणून पोरीचे हाल? छे! ते तडक स्वयंपाकघरात गेले, स्टुलावर चढले, पिठाचा डबा बाजूला केला.

मागे काहीच नव्हतं!

त्यांनी साखरेच्या डब्यामागे बघितलं, तांदळाच्या डब्यामागे बघितलं.

"अगं," ते न राहवून म्हणाले, "इथे एक डबा होता..."

बाई ओट्यापाशी चहा गाळत होत्या. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

"कसला डबा? दुकान तर बंद होतं ना?"