इंजिनाची खांदशेकणी

रिठदच्या जगदेवनं बैलजोडी विकून जुनी डिझेल जीप घेतली, तेव्हा पोळ्याला काय करायचं हा प्रश्न त्याला पडला नव्हता. तो पडला पोळ्याच्या आदल्या सांजेला. गल्लीत घरोघरी खांदशेकणी, म्हणजे बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावणं, चाललेलं आणि हा गोठ्यापाशी रिकामा उभा. गोठ्यात जीप. वर्षभर ओझं तीच वाहते, मग मानही तिचाच, असं म्हणून त्यानं बॉनेट उघडलं. पळसाच्या पानानं तूप-हळद लावली आणि "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या," असं इंजिनाला रीतसर सांगितलं. (इंजिनाचा खांदा नेमका कुठं असतो हे ठाऊक नसल्यानं त्यानं हात आखडता घेतला नाही. वायरीचा एक प्लग ढिला लागला, तर तो उपसून त्याच्याही आत बोट फिरवलं.)

तूप मात्र चोरीचं होतं. त्याच्या बायकोनं, रंगूबाईनं, ते मेडशीला भावाकडं न्यायला राखलं होतं. भावाच्या पोरीला, वैभवीला, पाहायला पाहुणे येणार होते आणि सोयरीक रंगूबाईनंच सुचवलेली. डबा अर्धा दिसला तेव्हा तिनं मांजरीला हाकलून दिलं. जगदेव मांजरीच्या बाजूनं एक शब्द बोलला नाही.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळीच दोघं निघाले. रंगूबाई एस्टीनं जाऊ म्हणत होती, पण मेव्हण्याच्या दारात जीप उभी करायची हौस जगदेवला गप्प बसू देईना. मालेगावच्या अलीकडं समोरच्या मीटरात एक पिवळा दिवा लागला. मग जीप दमेकऱ्यासारखी धापा टाकू लागली आणि मागं काळा धूर. कशीबशी ती बाबूलालच्या गॅरेजात पोचली.

बाबूलालनं मशीन जोडून पाहिलं. थोडा धूर परत इंजिनात सोडणारा एक व्हॉल्व्ह असतो, त्याला ईजीआर म्हणतात, आणि तो किती उघडला हे सांगणारा सेन्सर धड सांगत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. रंगूबाईला हे पटेना.

"एकडाव भाईर गेलेला धूर पुन्हा आत कायले घेतात?"

"त्यानं हवा कमी खराब होते, बाई."

"अन् गाडी?"

बाबूलाल जगदेवकडं वळला. त्यानं जगदेवला विचारलं, "इतक्यात गाडीले काही केलं का?"

जगदेवनं बायकोकडं पाहिलं. "कायीच नाही. धुतलीबी नाही."

मोडलेलं पथ्य वैद्यापासून लपवणाऱ्या रोग्याची जी गत होते, तीच जीपची झाली. बाबूलालनं वायरी तपासल्या, फिल्टर झटकला, वायरी कुरतडणारा उंदीरही शोधून पाहिला. शेवटी सेन्सरच बदलावा लागेल आणि तो उद्या अकोल्याहून येईल, असं त्यानं सांगितलं. तेवढ्यात मेडशीहून फोन आला, पाहुणे येऊन बसले होते. रंगूबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. सोयरीक आपण सुचवायची आणि बैठकीत आपणच नसायचं, म्हणजे पाहुण्यांना शंका येणारच. जगदेव वाकून टायरची हवा पाहू लागला.

डोळे पुसता पुसता रंगूबाईनं नाक वर केलं. तापल्या इंजिनावरून कढवलेल्या तुपाचा वास सुटला होता. तिनं बॉनेटखाली वाकून बोट फिरवलं, हुंगलं आणि नवऱ्याकडं वळली.

"मांजरीले बॉनेट उघडता येते, हे मले मालूम नोतं."

जगदेवनं सगळं कबूल केलं, पळसाच्या पानासकट. कोणत्या प्लगात बोट घातलं तेही दाखवलं. तो नेमका त्या सेन्सरचाच निघाला, आत तूप-हळदीचं पिवळं लुकण बसलेलं. बाबूलालनं ते धुऊन पुसून काढलं. जगदेवनं मदतीच्या नावाखाली आपला शर्ट तेवढा काळा-पिवळा करून घेतला. दिवा विझला आणि जीप सुटली.

मेडशीला बोलणी अजून व्हायचीच होती. रंगूबाई बैठकीत बसली आणि जेवणाच्या वेळेपर्यंत सोयरीक जमत आली. जगदेव त्याच शर्टात दाराशी टेकून, बायको आता आपली ओळख करून देईल म्हणून सावरून बसला. पाहुण्यांतले मुलाचे मामा खुश झाले होते.

"बाई, तुमचा ड्रायव्हर केव्हाचा दाराशी बसून राह्यला. त्यालेबी जेवाले बसवा."

मेव्हणा मारोतराव छताकडं पाहू लागला. रंगूबाईनं एकदा नवऱ्याच्या शर्टाकडं पाहिलं, एकदा पाहुण्यांकडं.

"बसवू ना," ती म्हणाली. "पह्यले गाडी सावलीत लावू द्या त्याले."

जगदेव मुकाट्यानं उठला आणि गाडी सावलीत लावून आला.