खैरनारांची दुसरी ठिणगी

खैरनार आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले ते हातात लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घेऊनच. बसायच्या आधी त्यांनी त्याचं टोक स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवलं, मुठीला कान लावला आणि डोळे मिटले. बायको चहाचा ट्रे धरून तशीच उभी. बऱ्याच वेळानं ते हलक्या आवाजात म्हणाले, "भाऊ, तुमच्या भिंतीत कोणीतरी चालतंय."

वरच्या मजल्यावर नळ सोडला की आमच्या भिंतीतला पाइप हादरायचा, एवढंच होतं ते. पण हे कळेपर्यंत आठवडाभर आम्ही बाहेरच्या खोलीत झोपत होतो.

सिल्वासातल्या ज्या धाग्याच्या कारखान्यात मी क्वालिटी बघायचो, तिथे खैरनार मेंटेनन्सचे इंजिनिअर होते. मूळचे धुळ्याकडचे. मशीनच्या बेअरिंगचा आवाज स्क्रूड्रायव्हरनं ऐकणारे पुष्कळ असतात, खैरनार मात्र दिसेल ते ऐकायचे. एस.टी.चं बॉनेट, चिंचेचं झाड, बँकेची तिजोरी. ऐकून झालं की एकच शब्द: "बोलतंय." पुढे काय बोलतंय ते सांगायचेच असं नाही. एकदा कॅन्टीनमध्ये नव्या अकाउंटंटच्या पाठीला त्यांनी मागून स्क्रूड्रायव्हर लावला आणि "चालेल अजून," असं समाधानानं म्हणाले. तो अकाउंटंट दुसऱ्या दिवशी सुरतेला निघून गेला.

त्यांनी पाण्याच्या पंपाला "हा निरोप घेतोय, भो," म्हटलं आणि पंप खरंच गेला, तेव्हापासून आम्ही राहायचो त्या आमलीत लोक त्यांना बघून स्कूटर आडोशाला न्यायला लागले. आमच्या मिक्सरबद्दलही त्यांनी "वहिनी, हा दिवाळी बघत नाही," असं सांगितलं होतं. तो मिक्सर माझ्या मुलीच्या लग्नात चटणी वाटत होता. पण माणसं पंप लक्षात ठेवतात, मिक्सर नाही.

आमच्या शेठचा धाकटा मुलगा भावेश. त्याला उडायची हौस. त्यानं दोन माणसं बसतील असं एक हलकं विमान आणलं होतं. पाइपांचा सांगाडा, वर कापडाचे पंख, मागे छोटं टू-स्ट्रोक इंजिन आणि पंखा. सामरवरणीच्या पुढच्या माळावरून तो उडायचा. एकदा वर असतानाच इंजिन बंद पडलं आणि भावेश भाताच्या चिखलात उतरला. तेव्हापासून विमान माळावरच्या शेडमध्ये पडून होतं आणि शेठ ते भंगारात काढायला निघाले होते. खैरनार स्वतःहून त्यांच्या केबिनमध्ये गेले. म्हणाले, "मला द्या. मी बोलून बघतो."

एका रविवारी दुपारी ते मला शेडमध्ये घेऊन गेले. भावेश होता, उत्तर प्रदेशातला पहिलवान वॉचमन होता. इंजिन सुरू झालं, शेड धुरानं भरली. थोडं तापल्यावर खैरनारांनी खूण केली आणि भावेशनं स्विच बंद केला.

इंजिन चालूच राहिलं.

भावेशनं स्विच पुन्हा वरखाली केला. काही नाही. खैरनार पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही प्लगच्या टोप्या उपटल्या. वायरी त्यांच्या हातात होत्या, ठिणगी पोचायला वाटच उरली नव्हती, आणि पंखा फिरतच होता. आवाज तेवढा बदलला. खोकल्यासारखा, आतल्या आत. वॉचमननं हात जोडले.

"खैरनारभाई, आने बंध करो ने!" भावेश ओरडला.

खैरनारांनी लगेच बंद केलं नाही. मान तिरकी करून ऐकत राहिले. मग तळहातानं हवेचं तोंड दाबून धरलं. इंजिननं हात आत ओढला, धडपडलं आणि थांबलं. त्यांच्या तळव्यावर लाल कडं उमटलं होतं.

"भूतबित काही नाही," ते म्हणाले. "आत काजळी साठलीये. तिचा निखारा होतो. ठिणगी मेली तरी तेवढ्यावर हे धावत राहतं." माझ्या अंगावरचा काटा काही त्यामुळे गेला नाही.

दोष त्यांच्या मते ठिणगीच्या वेळेचा होता. जुन्या पद्धतीत इंजिनच्या चाकाखाली एक पॉइंट असतो. तो झिजला की ठिणगी भलत्या वेळी पडते, इंजिन तापतं आणि दगा देतं. तो काढून इलेक्ट्रॉनिक डबा बसवायचा, झिजायला काही उरतच नाही. इथवर भावेशला पटलं. पण खैरनारांना असे दोन डबे हवे होते, एकमेकांशी संबंध नसलेले, आणि प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन प्लग. त्यासाठी सिलिंडरवर बसणारी इंजिनची डोकीच नवी मागवावी लागणार होती.

"एक बस छे," भावेश म्हणाला. "बंद पडलं तर शेतात उतरू."

"शेतावर एक पुरे. पाण्यावर दोन पाहिजेत."

"पाण्यावर कोण जातंय?"

खैरनार पान्हा उचलून कामाला लागले. डबे दोनच बसवले. सगळी थंडी त्यांचे रविवार त्या शेडमध्ये गेले. पहिल्यांदा सुरू करायला गेलो तेव्हा मी दोरी ओढली, भावेशनं ओढली, इंजिन ढिम्म. "नवी ठिणगी मानी आहे, हिसका मागते," म्हणून खैरनारांनी पहिलवानाला बोलावलं. त्यानं असा हिसका दिला की इंजिन सुरू झालं आणि दोरी त्याच्या हातात आली.

मे महिन्यातल्या एका सकाळी भावेश आणि खैरनार वर गेले. माळावर एक चक्कर मारली, वरच एकेक स्विच बंद करून पाहिला. उरलेल्या एकावर इंजिन नीट चाललं. मग विमान वळलं आणि दुधनीच्या बाजूला, धरणाकडे गेलं. आवाज विरला. मी आणि वॉचमन आभाळाकडे बघत राहिलो.

परत उतरले तेव्हा भावेश उड्या मारत होता. खैरनार सीटवरून उठेनात. मी जवळ गेलो.

"भाऊ, माझ्या घरातून धूर निघतोय."

मला वाटलं गॅस चालू राहिला. "अहो, मग चला ना आमलीला!"

"ते नाही. पाण्याखालचं."

धरणाच्या वाटेवर, माझ्या स्कूटरच्या मागे बसून त्यांनी सगळं सांगितलं. तरुणपणी धरणाच्या कामावर ते मेकॅनिक होते. नदीकाठच्या एका आदिवासी पाड्यात एका घरी राहायचे आणि त्या घरातल्या जानीशीच त्यांनी लग्न केलं. धुळ्यानं नाव टाकलं. जानी पहिल्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं. घरामागे मोहाच्या झाडाखाली दोघांना पुरलं. पुढे पाणी चढलं, पाडा उठला, माणसं पांगली. खैरनार वापीला निघून गेले आणि नंतर सिल्वासात आले, पण एकदा काठावर जाऊन आल्यावर पुन्हा धरणाकडे फिरकले नाहीत.

"काठावरून नुसतं पाणी दिसतं, भो. कुठं बघायचं तेच कळत नाही. वरून कळेल म्हटलं. कळलं. पाणी ओसरलंय, जोत्यांचे चौकोन दिसतात. आमच्या चौकोनातून धूर येत होता."

मी स्कूटर चालवत राहिलो.

काठावर स्कूटर ठेवून भेगाळलेल्या गाळातून आम्ही चालत गेलो. पाण्याच्या कडेला कोणीतरी काकडीचे वेल लावले होते. त्यापलीकडे दगडी जोतं, त्यावर तीन दगडांची चूल आणि चुलीपाशी एक अगदी म्हातारी बाई. मागे मोहाचा काळा बुंधा, आणि त्याच्याभोवती गाळ झाडून साफ केलेला.

खैरनारांचे पाय थांबले. "सासू आहे," ते म्हणाले. "मला वाटलं, गेली असेल."

नंतर कळलं, दर उन्हाळ्यात पाणी हटलं की ती इथे यायची. काकड्या लावायची, पाणी चढेपर्यंत आपल्या घरात राहायची.

खैरनारांनी चपला काढल्या. सरळ जोत्यावर चढता आलं असतं, पण ते वळसा घालून समोरच्या बाजूला गेले, जिथे कधीकाळी दार असणार. तिथे उभे राहिले.

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. घाबरली नाही की रडली नाही. चुलीतलं लाकूड आत सारलं.

"जावाय, वाकून ये," ती म्हणाली. "डोकं आपटंल."

तिथे ना भिंत होती, ना दार, ना छप्पर. खैरनार वाकले आणि आत गेले.