एलेनीबाईंच्या खोलीखालचा कांदा

शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता योगिनीने दगडी घराचं खालचं दार उघडलं आणि दोन कांदे घरंगळत तिच्या पायाशी आले. आत आणखी साठ क्विंटल होते.

"तात्या!"

तिचे सासरे खंडेराव बांधावरून सावकाश आले. "वरडू नको सूनबाई. काल सांजच्या वादळानं कांदाचाळीचे पत्रे उडाले. कांदा काय उघड्यावर टाकू? रातभर गडी लावून आत आणला. चार दिवस राहू दे."

"उद्या एलेनीबाई घर बघायला येतायत!"

"येऊ दे की. ती वर झोपंल, कांदा खाली झोपंल."

योगिनी वास्तुविशारद. ग्रीसमधल्या एका डोंगराळ गावात जुनी दगडी अतिथीगृहं दुरुस्त करायला ती तीन महिने राहून आली होती. तसंच एक घर तिने चांदवडच्या डोंगराखाली, सासऱ्यांच्या शेतात दोन वर्षं खपून उभं केलं. दोन हात जाडीच्या भिंती, दगडी फरशांचं छप्पर, वर भिंतीबाहेर डोकावणारी लाकडी खोली. एलेनीबाई तिकडच्या अतिथीगृहांच्या संघटनेच्या परीक्षक होत्या. त्यांनी पसंत केलं तर घराचं नाव त्यांच्या यादीत जाणार आणि देशोदेशीचे पाहुणे येणार. नाही केलं तर घर खंडेरावांना कांदा साठवायला मिळणार, असं घरात ठरलं होतं. निकालाआधीच त्यांनी ताबा घेतला होता.

"अन् तूच सांगितलं व्हतं ना," खंडेराव म्हणाले, "तिकडं खाली धान्य-जनावरं अन् वर माणसं राहायची म्हणून?"

"ते जुन्या काळी, तात्या!"

"मंग? तू काय नव्या काळाचं घर बांधलं?"

योगिनी कांदा हलवायला माणसं शोधू लागली. रात्रीचे गडीही मिळेनात, गावातला प्रत्येक हात कांदाकाढणीत गुंतला होता. अकरा वाजता बाईंना आणायला गेलेल्या तिच्या नवऱ्याचा, महेशचा, नाशिकहून फोन आला. "बाईंचं उद्याचं विमान लवकरचं निघालं. त्या आजच बघतायत. आम्ही निघालो."

योगिनीने खालच्या दाराला कुलूप ठोकलं. वास लपवायला सासूबाईंनी, गोजराबाईंनी, अंगणात धूप पेटवला.

एलेनीबाई दीडला आल्या. त्यांनी दगड ठोकून पाहिले, सांधे चाचपले, फळ्यांवर टाच आपटली. चेहऱ्यावर काहीच नाही.

"खाली काय आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"ते... बंद असतं."

"बांधकामात खोट नाही. पण हे घर कशासाठी आहे?"

"पाहुण्यांसाठी."

एलेनीबाईंनी वहीत एक ओळ लिहिली आणि त्या वरच्या खोलीत जरा पडल्या.

इकडे खंडेरावांचा जीव कांद्यात होता. बंद खोलीत कांद्याला घाम सुटतो. त्यांनी मागच्या खिडकीतून दोन मोठे पंखे आत सोडले आणि बटण दाबलं. कांद्याची सुकी टरफलं उडाली. वरच्या फळ्यांत योगिनीने तिकडच्यासारख्याच बोटभर फटी ठेवल्या होत्या, खालची ऊब वर जावी म्हणून. ऊब गेली की नाही ठाऊक नाही, टरफलं गेली.

दोन मिनिटांनी एलेनीबाई जिन्यावर आल्या. केसांत, खांद्यांवर, भुवयांवर गुलाबी टरफलं.

"उघडा."

योगिनीने किल्ली मुठीत आवळली. खंडेरावांनी ती काढून घेतली आणि दार सताड उघडलं. एलेनीबाई कांद्यांत शिरल्या. त्यांनी एक उचलून हुंगला, मग वर फटींतून येणाऱ्या उजेडाकडे पाहिलं.

"आमच्या घरात इथे बटाटे असायचे," त्या म्हणाल्या. "आणि दोन खेचरं. आता आमच्या गावात प्रत्येक घराच्या खाली कॉफीचं दुकान आहे. तुमच्या घराबद्दल मी लिहिलं होतं, 'सुंदर, पण रिकामा देखावा.'" त्यांनी वही उघडली, ती ओळ खोडली आणि खाली नवी ओळ लिहून योगिनीसमोर धरली.

"काय म्हनती?" खंडेरावांनी विचारलं.

"पसंत आहे, तात्या! यादीत घेणार!" योगिनी ओरडलीच. "एकच अट. खालचा मजला कधीच रिकामा ठेवायचा नाही."

"ऐकलं का गं?" खंडेराव गोजराबाईंकडे वळले. "दोन वर्षं दगड रचले सुनंनं, अन् पास झाला माझा कांदा!"

"पंखा लावून पाहुणीवर पार लग्नातल्यासारख्या अक्षता टाकल्या," गोजराबाई म्हणाल्या. "तेवढं कौतुक बास."

पावसाळा सरता सरता कांद्याने भाव घेतला. व्यापाऱ्याचा ट्रक दगडी घरापाशी लागला. योगिनी दारात आडवी उभी राहिली. वर जर्मनीचं एक जोडपं उतरलं होतं, आणि येते दोन महिने एकही तारीख मोकळी नव्हती.

"एक कांदा हलायचा नाही."

"आगं, माझाच कांदा हाय!"

"हलवा, पण आधी तेवढाच दुसरा आणून टाका."

तासाभराने खंडेराव शेजारच्या रंगनाथच्या खळ्यावर उभे होते, गोल्टी, म्हणजे बारका, हलका कांदा मागत.

रंगनाथ बघतच राहिला. "खंडेराव, तुमी कांदा इकत घेता?"

"कांदा कशाचा रे," खंडेराव छाती पुढे काढून म्हणाले. "फर्निचर हाय ते."